चपला-बाहेर मॅडम

आमच्या मॅडम खुर्चीवर बसत नसत. कॉलेजात शिकवणारा माणूस आणि खुर्चीवर बसत नाही म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटतं, काही व्रत असेल, नाहीतर मणक्याचं दुखणं. तसलं काही नव्हतं. सात नंबरच्या खोलीत लाल-निळ्या पट्ट्यांची एक मोठी सतरंजी अंथरलेली असायची. तिच्यावर त्या मांडी घालून, भिंतीला पाठ न टेकवता बसायच्या आणि तंबोरा जुळवायच्या. दाराच्या चौकटीवर खडूनं दोन शब्द लिहिलेले असायचे : चपला बाहेर. खडू पुसला गेला की त्या पुन्हा लिहायच्या. रंगानं एकदाच पक्कं लिहून टाका, असं शिपायानं सुचवलं तर म्हणाल्या, रोज लिहिलं म्हणजे रोज ध्यानात राहते. सगळं कॉलेज त्यांना चपला-बाहेर मॅडम म्हणायचं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं, आणि माझा अंदाज आहे की आवडतही होतं.

नियम सगळ्यांना सारखा. विद्यार्थी, शिपाई, पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस, संस्थेचे सचिव. सचिव एकदाच आले. चपला काढून बसले, आणि उठताना पाय इतके आखडले की दोघांना हात द्यावा लागला. पुन्हा आले नाहीत. खरी पंचाईत प्राचार्यांची होती. ते काळे, चकचकीत, नाडीचे बूट घालायचे आणि ते काढायला तयार नसायचे. माणूस वाईट नव्हता हो, कागदावर जगणारा होता. काही सांगायचं असलं की उंबरठ्याबाहेर उभे राहायचे. मॅडम बसल्या जागेवरून म्हणायच्या, सर, या ना, बसा. ते म्हणायचे, नाही, इथूनच सांगतो. मी तीन वर्षं त्यांच्या वर्गात होते. त्या तीन वर्षांत प्राचार्यांचा आवाज आत आला, प्राचार्य आले नाहीत.

मी समुद्रपूरची. बी.ए.ला मराठी वाङ्मय, समाजशास्त्र आणि संगीत असे विषय घेतले आणि घरात कुरबुर सुरू झाली. वडील पंचायत समितीत शिपाई, पण तालुक्यात त्यांची ओळख वेगळीच. त्यांची भीमगीतांची पार्टी होती. पेटी तेच वाजवायचे, गायचेही तेच, आणि मी सातवीपासून त्यांच्या मागं कोरसमध्ये उभी राहायचे. म्हणजे गाण्याला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता गाण्यासाठी कॉलेजात जायला. गाणं तर घरी हाये, म्हणायचे, जे घरी हाये ते शिकाले वर्ध्याले काऊन जायचं? चुलत बहीण सेवाग्रामला नर्सिंग करत होती. तिच्या पांढऱ्या गणवेशाचा फोटो आमच्या भिंतीवर होता आणि माझ्या नावाचा खिळा त्याच्या शेजारी ठोकून तयार होता.

शेवटी ते कॉलेजातच आले, मॅडमला समजावून माझा विषय बदलून घ्यायला. दारात चपला काढल्या, आत येऊन जयभीम केला आणि अवघडून बसले. मॅडमनं त्यांना बोलूच दिलं नाही. आधी गा म्हणाल्या. वडील गायले. तंबोऱ्यावर गायची त्यांची पहिलीच वेळ, पण बसला बरोबर सूर. मॅडमनं डोळे मिटून सगळं ऐकलं आणि मग म्हणाल्या, "दादा, तुमच्यासारखं गाणारे आपल्याकडं गावोगाव होऊन गेले. विद्यापीठाच्या कागदावर त्यातल्या एकाचं तरी गाणं लिहून आलं काय? तुमच्या पोरीचं लिहून आणते मी. मले एक वर्ष द्या." वडील बसनं परत जाताना खिडकीबाहेर पाहत राहिले आणि घरी पोचल्यावर आईला म्हणाले, एक वर्ष पाहू.

मॅडम आम्हाला नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. हजेरीही तशीच. सेलू? आली. पुलगाव? आला. हिंगणघाट दोन जण होते, म्हणून हिंगणघाट-थोरली आणि हिंगणघाट-धाकटी. मी समुद्रपूर. सुरुवातीला मला राग यायचा. घरून एवढं सुंदर नाव ठेवून पाठवलंय, आणि ही बाई एसटीच्या पाटीसारखी हाक मारते. एकदा बोलले तसं. त्या म्हणाल्या, नाव तुझ्या एकटीचं हाये, गाव तुझ्यासंगं सारं येते. पुढं मलाच सवय झाली, इतकी की वार्षिक संमेलनात माझ्या खऱ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मी जागची उठलेच नाही.

शिकवण्याची तऱ्हा त्यांची स्वतःची होती. पहिले चार महिने पेटीला हात नाही. फक्त तंबोरा आणि सा. आम्ही अकरा जण, कोणी भजनी मंडळातून आलेलं, कोणी लग्नाच्या बँडमधून, कोणी नुसतंच अटेंडन्स सोपी म्हणून. प्रत्येकाचा सा निराळ्या पट्टीत आणि निराळ्या गावचा. माझा आवाज उघडा, वरच्या पट्टीचा, मैदानात माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा कमावलेला. मला वाटलं होतं, त्या तो बारीक करायला लावतील. रेडिओवरच्या बायांसारखा. मी आपणहूनच बारीक करून गायला लागले तर तंबोरा खाली ठेवला. हा कोणाचा आवाज आणला, म्हणाल्या, ज्याचा त्याले देऊन ये अन् तुझा घेऊन ये.

शेजारच्या आठ नंबरात भूगोलाचा वर्ग भरायचा. तिथल्या सरांनी लेखी तक्रार केली की संगीताच्या आवाजामुळे अध्यापनात व्यत्यय येतो. मॅडमनं लेखी उत्तर दिलं की नकाशे आवाज करत नाहीत यात संगीत विभागाचा दोष नाही. खालच्या ओळीत लिहिलं, तरी सरांची इच्छा असल्यास त्यांनी चपला काढून आत येऊन बसावं. गंमत म्हणजे ते एक दिवस आले. नंतर दर शुक्रवारी यायला लागले. तक्रार त्यांनी मागं घेतली नाही, ती फाइलीत राहिली, पण शुक्रवार कधी चुकवला नाही.

पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी जे केलं ते फक्त पार्टीवाल्याची पोरगीच करू शकते. आमच्या कार्यक्रमात गायचा क्रम ठरलेला असतो. आधी हात जोडून सगळ्यांना जयभीम, मग पार्टीचं नाव, गावाचं नाव, गाणारीचं नाव, आणि मग माणसं जिकडं असतील तिकडं तोंड करून सुरुवात. परीक्षेला नागपूरहून बाहेरचे परीक्षक आले होते. ते भिंतीशी एकटेच, गुणांचा कागद मांडीवर घेऊन. दाराशी मात्र पाळीची वाट बघणाऱ्या मुली, दोघींच्या आया, शिपाई आणि भूगोलाचे सर. मी आत गेले, जयभीम केला, गावाचं नाव सांगितलं आणि दाराकडं तोंड करून बसले. परीक्षक माझ्या पाठीमागं. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. एका माणसाच्या कागदाकडं बघून गायची सवय कुठं होती? भूप छान लागला. तानेला मी शेवटच्या माणसाच्या दिशेनं हातही केला. सेलूची आई दारातून म्हणाली, वा बाई.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. हा कार्यक्रम नाही, परीक्षा आहे, म्हणाले. आणि दुसरं वाक्य असं की, हा आवाज पार्टीचा आहे, ख्यालाचा नाही. मॅडम अंतर्गत परीक्षक म्हणून शेजारीच होत्या. अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "बसाले चुकली असंल ती, सर. सूर कुठी चुकला ते सांगा." परीक्षकांनी कागद पाहिला, छत पाहिलं, म्हणाले की प्रश्न सुराचा नाही. मग गुण कशाचे कापता, असं मॅडमनं विचारलं. तरी गुण कापले गेले. मी पास झाले, काठावर.

मी नळाजवळ जाऊन रडले. मॅडम आल्या, पण उगी-उगी वगैरे काही नाही. माझ्या बाजूला पायरीवर बसल्या, डब्यातली अर्धी भाकर मला दिली आणि स्वतःची गोष्ट सांगितली. त्या धाम नदीकाठच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरच्या. गळा गोड, म्हणून मामानं नागपूरला एका मोठ्या गवयांकडं नेलं. त्यांनी ऐकून सांगितलं की वखरामागं फिरणाऱ्यांच्या घरात ख्याल पिकत नसतो. पण हाकललंही नाही. दाराशी शिष्य चपला काढत, तिथं बसून ऐकायची परवानगी दिली. आतल्या पोरांना शिकवणी आणि हिला ऐकणी. "दोन वर्षं मी दुसऱ्याच्या चपलांत बसून यमन शिकली," त्या म्हणाल्या. "मंग कोणीतरी सांगतलं का विद्यापीठात संगीत विषय असते. फॉर्म भरला का आत बसाले भेटते. वखर कोणाचा, पेटी कोणाची, फॉर्म विचारत नाई. म्हणून सांगते समुद्रपूर, हा विषय कॉलेजात पायजे. तो बंद झाला का आपण दोघीबी परत चपलांत."

चौकटीवरचा खडू त्या रोज का लिहितात ते मला त्या पायरीवर कळलं. बाहेर चपला राहतील, माणूस राहणार नाही, एवढंच त्यांना लिहायचं असायचं. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि खडू मी फिरवला. त्यांनी पाहिलं. अक्षर सुधार, म्हणाल्या.

विषय बंद होण्याची भाषा दुसऱ्या वर्षी सुरू झाली. त्याच्या महिनाभर आधी मूल्यांकन समिती येऊन गेली होती. तीन बाहेरचे प्राध्यापक, पुढं-मागं फुलं आणि फाइली. सगळ्यांनी गुमान पायातलं काढलं. त्यातल्या एका वयस्क बाईंनी तर तंबोरा मागून घेतला आणि आमच्याबरोबर अर्धा तास गायल्या. प्राचार्य बाहेर फाइली छातीशी धरून उभे. समितीनं संगीत विभागाबद्दल चार चांगल्या ओळी लिहिल्या. तरीही महिन्यानं प्राचार्य उंबरठ्यावर आले आणि म्हणाले, संस्थेचा निर्णय झालाय. येत्या जूनला पहिल्या वर्षाला पंधरा प्रवेश झाले नाहीत तर नवा वर्ग बंद. जुने वर्ग संपले की विभाग बंद. आम्ही तेव्हा गळती होऊन नऊ उरलो होतो. मॅडमनं विचारलं, पंधरा म्हणजे पंधरा ना, उद्या वीस नाई म्हणणार? ते म्हणाले, लेखी देतो. आणि दिलं.

तो मे-जून मी विसरणार नाही. वर्ध्याचं ऊन, मॅडमची जुनी स्कूटी, त्यांच्या तोंडाला पांढरा दुपट्टा आणि मागं मी. बारावीचा रिझल्ट लागल्यापासून आम्ही गावं पालथी घातली. भजनी मंडळं, शाळांची लेझीम पथकं, बँडवाले, वडिलांच्या ओळखीच्या सगळ्या पार्ट्या. वडील आता आमच्या बाजूनं होते, त्यांनीच तीन पोरं दिली. पुलगावला तर मॅडमनं भर रस्त्यात एका लग्नाच्या वरातीपुढं स्कूटी आडवी घातली. नवरदेव घोड्यावर ताटकळला आणि मॅडम क्लॅरिनेटवाल्याला विचारतायत, बारावी पास हायेस काय? त्यानं क्लॅरिनेट तोंडातून न काढता मान हलवली. फॉर्म तिथंच, स्कूटीच्या सीटवर भरला. वरातीतल्या बाया हसत होत्या. मलाच लाज वाटत होती, मॅडमला नाही.

चौदा झाले. पंधरावा आपणहून आला. संस्थेतल्या एका मोठ्या माणसाचा पुतण्या. त्याला गाण्याशी देणंघेणं नव्हतं, कोणीतरी सांगितलं होतं की या विषयाला लिहावं कमी लागतं. आम्हाला काय, पंधरा भरले. मी पेढे आणायला निघाले होते. पहिल्या तासाला चौदा जण सतरंजीवर बसले होते, क्लॅरिनेटवाला पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. पुतण्या आला तो पांढऱ्या शुभ्र स्पोर्ट्स शूजसकट सरळ सतरंजीवर. मॅडम म्हणाल्या, बाहेर काढून ये. तो म्हणाला, नाड्या सोडायला वेळ लागतो, त्यानं काय फरक पडते. मॅडम म्हणाल्या, घाई नाई, सावकाश सोड, आम्ही थांबतो. आणि खरंच सगळा वर्ग थांबवला. तो दारापर्यंत गेला, बाहेर मित्र उभे होते त्यांच्याकडं बघून हसला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं विषय बदलला.

प्रवेशाची मुदत संपली होती. प्राचार्य उंबरठ्यावर आले. मॅडम, चौदा, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, हो, मोजले मी.

मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले. आयुष्यात शिक्षकाशी इतकं वाईट मी कधी बोलले नाही. चौदा पोरं उन्हातान्हात गोळा केली, घरच्यांच्या विनवण्या केल्या, आणि तुम्ही एका बुटापायी विषय बुडवला, असं म्हणाले. त्या तंबोऱ्याच्या तारा फडक्यानं पुसत होत्या. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "बुडाला असंल. पण आज त्याच्या बुटाले जागा देली असती, तर उद्या तुले उठवून दारात बसवाले कोणाचा हात थांबला असता?" मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगू, आजही अर्धंच पटतं. क्लॅरिनेटवाला परत वरातीत गेला. त्याचा इस्त्रीचा शर्ट मला अजून दिसतो. आणि मॅडमलाही दिसत असणार, कारण पुढं कधीही भेटल्या की पहिला प्रश्न असायचा, पुलगाववाल्याचा काही पत्ता?

तिसऱ्या वर्षी सात नंबरमध्ये कॉम्प्युटर लॅब आली आणि आम्ही सात जण खेळाच्या सामानाच्या खोलीत गेलो. व्हॉलीबॉलच्या जाळ्या, गोळाफेकीचे गोळे, आणि मध्ये सतरंजी दुमडून अर्धी. चौकटीवर खडू होताच. शेवटच्या परीक्षेला तेच नागपूरचे परीक्षक आले. मॅडमनं या वेळी बोलून काही दाखवलं नाही, फक्त बैठक बदलली. परीक्षकांचं आसन भिंतीशी न मांडता दाराशी, लोकांच्या मधोमध मांडलं. त्यांच्या एका बाजूला माझे वडील, दुसऱ्या बाजूला भूगोलाचे सर. मी आत आले, जयभीम केला, समुद्रपूर म्हणाले आणि माणसांकडं तोंड करून बसले. परीक्षक आता माणसांतच होते. यमन गायले, माझ्या आवाजात, उघड्या. तानेला वडिलांनी मांडीवर हात मारला तेव्हा परीक्षकांची बोटंही ठेका धरत होती, मी पाहिलं ना. निकालाचा कागद वडिलांनी एकच ओळ वाचण्यासाठी हातात घेतला. विषय : संगीत, आणि पुढं गुण. तो कागद फ्रेम करून नर्सिंगच्या फोटोशेजारच्या खिळ्याला लागला.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. अशा माणसाला निरोप समारंभ नसतो, पुढच्या वर्षी बोलावत नाहीत, झालं. आम्ही दोघींनी सतरंजीची गुंडाळी केली, स्कूटीवर पायापाशी उभी धरली आणि पिपरी मेघेच्या त्यांच्या घरी नेली. शिपायानं फाटकाशी सलाम केला. त्या म्हणाल्या, खडू सांभाळून ठेवजो.

मी पुढं एम.ए. केलं, हिंगणघाटला एका कॉलेजात तासिकेवरच लागले. मॅडम घरी शिकवत राहिल्या. मग गुडघे गेले. जमिनीवर बसणं बंद, डॉक्टरांनी सक्त मनाई केली. खुर्चीवर बसून शिकवा, असं मी एकदाच सुचवलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी चहा करायला आत निघून गेले. शिकवणी त्यांनी थांबवली.

आणि आता नवा अभ्यासक्रम आला. विज्ञानाचा असो की कॉमर्सचा, प्रत्येक मुलानं पदवीत एखादी कला घ्यायचीच, तिचे क्रेडिट मोजले जाणार. ज्या कॉलेजला पंधरावा मुलगा मिळत नव्हता तिथं संगीताला पहिल्याच झटक्यात साठावर नावं. शिकवायला कोण? त्याच प्राचार्यांनी मॅडमला फोन केला. बाकं असलेला मोठा हॉल देतो, माईक देतो, या म्हणाले. मॅडमनं ऐकून घेतलं आणि मला फोन लावला. "समुद्रपूर, कुठी हायेस? उद्या जाऊन त्याहिले सांगजो. खोली नंबर सात. सतरंजी माझी. शिकवाले तू."

मी गेले, तिन्ही गोष्टी सांगितल्या. प्राचार्यांनी तिन्ही कागदावर लिहून घेतल्या. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय, केस पांढरे झालेत, बूट तेच. लॅब वरच्या मजल्यावर गेलीच होती. म्हणाले, साठ मुलं दोन गटांत घ्या आणि सात नंबर घ्या.

पहिल्या तासाला मॅडम ऑटोनं आल्या. एका हातात काठी, मागून ड्रायव्हरच्या खांद्यावर सतरंजी. चौकटीवर मी आधीच खडू फिरवून ठेवला होता. त्यांनी चष्मा वर करून अक्षर पाहिलं, काही बोलल्या नाहीत. म्हणजे सुधारलं असावं. तीस पोरं, सगळी सँडल आणि स्पोर्ट्स शूजवाली, नाड्या सोडत व्हरांड्यात वाकलेली. शिपायानं मॅडमसाठी खुर्ची आणली आणि आत ठेवू लागला. मॅडमनं काठी आडवी धरली. खुर्ची आत जाणार नाई, म्हणाल्या. मग ती दाराबाहेर ठेवली, तीस जोड चपला-बुटांच्या मधोमध, आणि त्या तिथं बसल्या.

मला ते बघवेना. मी तंबोरा ठेवून दारात आले. आयुष्यभर ज्या जागेपायी भांडल्या, शेवटी बसायची जागा तीच का, हे मला विचारायचं होतं. त्यांना कळलं असावं. "इथून चांगलं आयकू येते," म्हणाल्या. "मले अनुभव हाये. अन् या वेळी मले कोणी बसवलं नाई, मी बसली. जा, सा दे."

मी आत जाऊन बसले. तारा छेडल्या. तीस जणांचा सा तीस दिशांना गेला, आणि मी तो गोळा करत असताना व्हरांड्यात बुटांची टकटक ऐकू आली. प्राचार्य होते. पहिला दिवस, बघायला आले असतील. ते सवयीनं उंबरठ्याशी येऊन थांबले आणि मॅडमना बघून चपापले. मॅडम उठल्या नाहीत. काठीच्या टोकानं त्यांनी चौकटीवरचा खडू दाखवला आणि मग तेच टोक शेजारच्या मोकळ्या फरशीवर टेकवलं. सर, या ना, बसा, म्हणाल्या, त्याच जुन्या आवाजात.

प्राचार्य खडू बघत राहिले. मग भिंतीला धरून वाकले आणि नाडी सोडू लागले. गाठ जुनी होती, लवकर सुटेना. सगळा वर्ग मान वळवून बघत होता आणि माझ्या हातातला तंबोरा केव्हाच थांबला होता.

"तू काऊन थांबून राह्यली?" बाहेरून मॅडम म्हणाल्या. "त्याहिले वेळ लागंन. तू चालू ठेव."